हॅलोविनची भीती वाटते? अमेरिकेत नवीन आलेल्यांसाठी ऑक्टोबर निभावून न्यायची पद्धत

ऑगस्ट संपत नाही तोवर इथल्या दुकानांत सांगाडे लागायला लागतात. अजून घामाच्या धारा चालू असतात, शाळेच्या वह्या-दप्तरांचा सेल पण संपलेला नसतो आणि होम डेपोच्या दारात बारा फुटी सांगाडा उभा (२०२० पासून विकतात तो, लोक वेड्यासारखे घेतात आणि मग ठेवायला जागा नाही म्हणून नाताळात त्यालाच लाल टोपी घालतात). नवीन आलेल्या माणसाला वाटतं हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरची एक संध्याकाळ, पोरं येणार, चॉकलेट घेणार, जाणार. ज्याला याची भीती वाटते त्याच्यासाठी मात्र हा दोन महिन्यांचा मुक्काम असतो, दुकान, ऑफिस, शाळा, शेजाऱ्याचं अंगण, सगळीकडे.

आमच्या घरात असा एक माणूस आहे. चाळिशी ओलांडलेली, ऑफिसात मोठी टीम सांभाळतो, नाव सांगत नाही पण रात्री जेवायला घरीच असतो. तर हा ऑक्टोबरमध्ये दूध आणायला दुकानात पाय ठेवायचा नाही, सगळं कर्बसाइड पिकअप (दुकानातला माणूस सामान गाडीत आणून ठेवतो), डिकी उघडून गाडीतच बसायचा. कारण विचारलं तर "वेळ वाचतो". मी पण बरीच वर्षं विश्वास ठेवला. त्याच्याबरोबर जे काय वाचलं, थेरपिस्टकडून जे ऐकलं आणि घरात जे करून बघितलं त्यातनं हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण पद्धत माझी नाहीच, फोबियावर जगभर वापरतात तीच आहे.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे तुम्ही निम्म्यातनं लेख सोडणार नाही. हॅलोविन आवडलं पाहिजे असं काही नाही, हाँटेड हाउसमध्ये (पैसे घेऊन घाबरवतात ती भुताची घरं) जायची तर अजिबात गरज नाही. ऑक्टोबरमध्ये दूध आणता आलं, पोराला शाळेत सोडता आलं, रस्त्यानं चालता आलं की काम झालं.

पायरी १ – नेमकं कशाला घाबरताय ते पकडा

"हॅलोविनची भीती" अशी एक सलग भीती क्वचितच असते. कुणाला मुखवटे सहन होत नाहीत, कारण समोरचा हसतोय की रागावलाय तेच कळत नाही आणि आपला मेंदू तर सतत चेहरे वाचत असतो. कुणाला अचानक काहीतरी अंगावर येण्याची भीती, कुणाला रक्ताची (खोट्या रक्तानं पण चक्कर येते बरं का), कुणाला अंधारात अनोळखी लोक दारात येण्याची. आणि आपल्याकडच्या लोकांत एक खास प्रकार म्हणजे भूतखेत, मेलेली माणसं, अभद्र.

हे शेवटचं जरा बघू. आपण मुंजा, हडळ, खवीस, चकवा ऐकत मोठे झालो, कोकणातले असाल तर विचारूच नका, तिन्हीसांजेला पिंपळाखाली जायचं नाही, अमावस्येला घराबाहेर रेंगाळायचं नाही, कुणी मागनं हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. आणि इथं शेजाऱ्यानं गवतात प्लास्टिकची थडगी लावलेली, त्यातनं हात बाहेर आलेला. त्यात दिवाळी पण याच सुमारास, २०२४ ला तर नरक चतुर्दशी बरोब्बर ३१ ऑक्टोबरला आली, आपल्या दारात आकाशकंदील आणि समोरच्याच्या दारात कबर. आईला किंवा सासूबाईंना हे बघून "काय हे अभद्र" वाटलं तर तो फोबिया नाही, ती नावड आहे आणि त्यावर इलाज करायची काहीएक गरज नाही. गोव्याच्या कुणाला कदाचित वेगळंच आठवेल, नरकासुराचे ते दात विचकलेले मोठाले पुतळे, रात्रभर ढणाढणा म्युझिक आणि पहाटे जाळणं. लहानपणी तिथं घाबरलेलं पोर मोठेपणी इथल्या सांगाड्याला बिचकलं तर त्यात नवल नाही.

म्हणून कागद घ्या आणि लिहा, मला काय दिसलं किंवा ऐकू आलं की पोटात गोळा येतो. मोघम नको. "मुखवटे" असं नको, "पूर्ण डोकं झाकणारा रबरी मुखवटा, त्यातही डोळ्यांच्या जागी काळं असेल तर" असं लिहा. आमच्याकडे हे लिहिल्यावर कळलं की साहेबांना भोपळ्यांचं काही नाही, कोळ्यांच्या जाळ्यांचं काही नाही, सांगाड्यांशी पण दोस्ती, भीती फक्त आपोआप हलणाऱ्या आणि किंचाळणाऱ्या बाहुल्यांची. म्हणजे अख्खं हॅलोविन टाळत होते ते दुकानातल्या चार-पाच वस्तूंसाठी.

पायरी २ – हा फोबिया आहे की नुसतं बिचकणं

नेटवर सॅमहेनोफोबिया असं नाव सापडेल. मानसोपचारवाल्यांच्या पुस्तकात तसा वेगळा आजार नाही, ते याला स्पेसिफिक फोबिया म्हणतात. अमेरिकेत मोठ्या माणसांपैकी साधारण ९.१ टक्के लोकांना वर्षभरात कुठला ना कुठला स्पेसिफिक फोबिया असतो असा सरकारी आकडा आहे, म्हणजे तुम्ही काही जगावेगळे नाही. डॉक्टर ढोबळमानानं हे बघतात: ती गोष्ट समोर आली की जवळजवळ दर वेळी लगेच भीती वाटते का, धोक्याच्या मानानं भीती फार जास्त आहे का, तुम्ही ती गोष्ट टाळता का, हे सहा महिने किंवा त्याहून जास्त चालू आहे का आणि त्यानं रोजच्या जगण्यात अडथळा येतोय का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नुसतं दचकायला होतं पण दूध आणता येतं, तर पुढचं वाचा आणि सोडून द्या.

एक अपवाद मात्र गंभीरपणे घ्या. ज्यांनी अपघात, दंगल, खून, घरातला हिंसाचार असं काही प्रत्यक्ष बघितलंय आणि खोटं रक्त किंवा खोटी प्रेतं बघून तेच डोळ्यांपुढं येतं, झोप उडते, त्यांनी खालच्या पायऱ्या घरी करू नका. तो मामला वेगळा, उपचार वेगळे, थेट तज्ज्ञाकडे जा.

पायरी ३ – हा सण आहे काय ते एकदा समजून घ्या (पटकन)

आयर्लंड-स्कॉटलंडकडे सुगी संपून हिवाळा लागताना केल्टिक लोकांचा सण असायचा, त्या रात्री मेलेल्यांचं जग आणि आपलं जग जवळ येतं असा समज होता. पुढं १ नोव्हेंबर ख्रिश्चनांचा सर्व संतांचा दिवस आणि २ तारीख मृतांचा, वसईत आणि गोव्यात आपले कॅथलिक लोक त्या दिवशी दफनभूमीत फुलं-मेणबत्त्या घेऊन जातात तोच हा. आयर्लंडमध्ये सलगम कोरून आत दिवा ठेवायचे, १८४० च्या दशकातल्या दुष्काळात आयरिश लोक लाखांनी इकडे आले आणि इथं त्यांना भोपळा मिळाला, कोरायला कितीतरी सोपा. म्हणजे मुळात हे आपल्या पितृपक्षाच्या आसपासचंच काहीतरी, नंतर त्यावर चॉकलेट कंपन्यांनी मांडव घातला. सासूबाईंना मी एवढं सांगितलं तर त्या म्हणाल्या "मग जेवायला का घालत नाहीत", मी म्हटलं घालतात की, स्निकर्स.

माहितीनं नावड थोडी कमी होते, फोबिया होत नाही. कारण भीती वाटते त्याला माहितीये की ती बाहुली आहे, तरी पाय थरथरतात. "अगं खोटं आहे ते" हे वाक्य म्हणून तर निरुपयोगी, घरच्यांनी ते बोलणं आधी बंद करा.

पायरी ४ – भीती टिकते कशी

तुम्ही दुकानात शिरता, कोपऱ्यात काहीतरी हलतं, छाती धडधडते, तुम्ही मागे फिरता, गाडीत बसता, हायसं वाटतं. ते हायसं वाटणं हीच गोची आहे. मेंदू नोंद करतो की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर पळायला लावणार. पालीची, लिफ्टची भीती असली तर निदान वर्षभरात अधूनमधून गाठ पडते, हॅलोविन वर्षातनं एकदाच येतं, तेव्हा टाळलं की पुढं दहा महिने काही आठवतच नाही आणि मेंदूला "अरे, काहीच झालं नाही" हे शिकायची संधीच मिळत नाही.

म्हणून सराव करायचा तो ऑक्टोबरमध्ये नाही. नोव्हेंबरमध्ये. १ नोव्हेंबरला सकाळी दुकानांत हे सगळं सामान निम्म्या किमतीत किंवा त्याहून स्वस्त टाकलेलं असतं, तेव्हा तुम्हाला ज्याची भीती वाटते ती वस्तू घरी आणा (स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्याला आणायला सांगा, आणि डब्यात बंद). मग हिवाळा आहेच अख्खा. हे वाचताय तेव्हा ऑक्टोबर चालू असेल तर यंदा फक्त पायरी ६ बघा, कसंबसं निभावून न्या, खरं काम नंतर.

पायरी ५ – खरं काम

याला एक्स्पोजर म्हणतात. भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं, ठरवून, स्वतःच्या वेगानं. जोसेफ वोल्पे नावाच्या डॉक्टरनं १९५८ मध्ये यावर सविस्तर लिहिलं, त्याच्याही आधी १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या पोराची सशाची भीती अशीच घालवली होती, तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा. लहान मुलं असतील तर हे लक्षात ठेवा, खाली लागेल.

पायरी १ मधला कागद काढा आणि प्रत्येक गोष्टीला ० ते १०० मार्क द्या, ० म्हणजे काही नाही, १०० म्हणजे जीव जातो. मग चढत्या क्रमानं लावा. आमच्याकडची यादी साधारण अशी होती: बाहुलीचा फोटो फोनवर बघणं (२०), व्हिडिओ आवाज बंद करून (३०), आवाज चालू करून (४५), बंद बाहुली खोलीच्या दुसऱ्या टोकाला (५०), ती हातात घेणं (६०), दुसऱ्यानं बटण दाबणं (७०), स्वतः दाबणं (७५), दुकानात चालू बाहुलीजवळनं जाणं (९०). तुमची वेगळी होणार. ३०-४० मार्कांच्या आसपासच्या गोष्टीपासून सुरू करा, अगदीच सोप्यात वेळ घालवू नका.

प्रत्येक वेळी करायच्या आधी एक ओळ लिहायची, आता काय होईल असं मला वाटतंय. "ती माझ्या अंगावर येईल", "मी किंचाळेन आणि सगळे हसतील", "मला हार्ट अ‍ॅटॅक येईल", जे मनात असेल ते, कितीही बावळट वाटलं तरी. मग करायचं. आणि थांबायचं, हे महत्त्वाचं, भीती शिगेला असताना पळायचं नाही, ती जरा उतरेपर्यंत किंवा निदान "जे होईल वाटलं ते झालं नाही" हे दिसेपर्यंत तिथंच. नंतर दुसरी ओळ, प्रत्यक्षात काय झालं. या दोन ओळींतला फरक मेंदूत बसतो, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. एकच पायरी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी करा, सकाळी हॉलमध्ये जमलं म्हणजे रात्री गराजमध्ये जमेलच असं नाही.

त्या बाहुलीचं सांगते. हिरव्या तोंडाची चेटकीण होती, कंबरेएवढी. पहिल्यांदा बंदच ठेवली होती. मग एक दिवस साहेबांनी स्वतःहून तिला टेबलावर पालथी घातली, झगा वर केला (मुलगी म्हणाली बाबा शी), पाठीत स्क्रूनं लावलेलं झाकण, आत तीन पेन्सिल सेल, शेजारी छोटं बटण, त्यावर ऑफ, ऑन आणि ट्राय मी. छातीवर ब्रोचसारखं जे दिसत होतं त्यात मण्याएवढा सेन्सर. हात समोर नेला की डोळे लाल, मान डावीकडे, हसणं, मान उजवीकडे, बंद. दर वेळी तेच, त्याच क्रमानं. साहेब इंजिनियर, त्यामुळं ते सेन्सर किती लांबून पकडतो तेच मोजत बसले, आणि त्या नादात ती चालू असताना तिच्यासमोर किती वेळ गेला ते त्यांच्या लक्षात पण आलं नाही. आता दुकानात अशी बाहुली दिसली की आधी सेन्सर कुठंय ते शोधतात. अजून दचकतात, पण दूध घेऊन येतात.

आता आपला खास प्रश्न, रामरक्षा म्हणायची का. भीमरूपी, रामरक्षा, जे म्हणत असाल ते खुशाल म्हणा, त्यानं श्वास सावकाश होतो, मन एका जागी येतं. फक्त "रामरक्षा म्हटली म्हणूनच वाचलो" असं मनात बसायला लागलं तर सावध व्हा, मग ज्या दिवशी म्हणायची राहिली त्या दिवशी भीती दुप्पट. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात तसं आहे, सुरुवातीला बांधायचा, पण कधीतरी सोडायचा असतो. हेच कानात हेडफोन घालण्याचं, बायकोचा हात धरण्याचं, मान खाली घालून चालण्याचं. वरच्या पायऱ्यांवर गेलात की एकेक सोडत जा.

श्वासाबद्दल थोडक्यात: नाकानं आत चार मोजत, बाहेर सहा मोजत, काही मिनिटं. भीतीचा झटका आला तर तो साधारण दहाएक मिनिटांत शिगेला जाऊन उतरायला लागतो, त्यानं जीव जात नाही. पण छातीत दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जातंय, पहिल्यांदाच होतंय, वय आहे, बीपी-शुगर आहे, तर भीती समजून बसू नका, सरळ ९११ लावा.

रक्त बघून चक्कर येणाऱ्यांसाठी मात्र उलट तंत्र आहे. त्यांचं बीपी अचानक पडतं, त्यामुळं सैल सोडून उपयोग नाही, दंड-मांड्या-पोट घट्ट आवळायचं, १०-१५ सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, मग २०-३० सेकंद सोडायचं, असं पाच वेळा. उभं राहून नको, खुर्चीत बसून शिका. बीपीचा त्रास असेल किंवा पोटुशा असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पायरी ६ – ३१ तारखेला काय करायचं

इथला अलिखित नियम आहे, पोर्चचा दिवा चालू म्हणजे या, बंद म्हणजे येऊ नका. बहुतेक पोरं पाळतात. एवढंच माहीत नसल्यामुळं कितीतरी नवीन लोक दिवे चालू ठेवून आत सोफ्यामागे बसतात आणि बेल वाजतच राहते. दिवा बंद करा, किंवा मन नसेल मानत तर चॉकलेटचं भांडं बाहेर ठेवा आणि "एकच घ्या" अशी चिठ्ठी (एकच कुणी घेत नाही, सोडून द्या). तुमच्या टाउनची वेळ ठरलेली आहे का बघा, बऱ्याच गावांत संध्याकाळचे दोनेक तासच असतात, वेबसाइटवर टाकतात. त्या वेळात गाडी बाहेर काढायचीच असेल तर अगदी हळू चालवा, काळे झगे घातलेली पोरं कुठनंही रस्त्यात येतात.

शेजाऱ्याच्या दारातली किंचाळणारी वस्तू तुमच्या वाटेवरच असेल तर जाऊन सांगा, सेन्सर रात्री बंद ठेवाल का. आपल्याला संकोच वाटतो पण इथले लोक सहसा "ओ शुअर" म्हणून बंद करतात. ऑफिसात कॉश्च्युम डे असेल तर मॅनेजरला एक ओळ पुरते, त्या दिवशी घरून काम करतो म्हणून, कारणांचा पाढा वाचायची गरज नाही. आणि हाँटेड हाउसला "चल रे, एकदा गेलास की भीती जाईल" म्हणून ओढणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. जाऊ नका. तिथले लोक घाबरवण्याचेच पैसे घेतात, तो सराव नाही, तिथनं पळून आलात तर भीती आणखी घट्ट होते.

मुलांचं

तीन-चार वर्षांच्या पोरानं मुखवट्याला घाबरणं अगदी नॉर्मल आहे, मुखवटा घातलेला बाबा हा बाबाच राहतो हे त्याला अजून पक्कं कळलेलं नसतं. हसू नका, ओढून नेऊ नका, आणि फोटोसाठी तर मुळीच नको. मुखवटा आधी जमिनीवर पडलेला दाखवा, मग टेडीला घाला, मग स्वतः त्याच्या डोळ्यांदेखत घालून लगेच काढा, परत घाला, परत काढा. त्याला स्वतः ओढून काढू द्या, पोरांना ते फार आवडतं. हे सगळं तो काहीतरी आवडीचं खात असताना. ३१ ला अंधार पडायच्या आत दोन ओळखीची घरं, बास, किंवा चर्चच्या, शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिकीतनं चॉकलेट वाटतात तिथं न्या, उजेड असतो आणि वातावरण जत्रेसारखं. शाळेतल्या कॉश्च्युम परेडचं टीचरला आधी ईमेल करा, बसायला वेगळी खोली मिळेल का विचारा. मूल मोठं होऊनही दर वर्षी तेच, शाळेत जायलाच नको म्हणतंय असं झालं तर पीडियाट्रिशियनला सांगा.

तज्ज्ञाकडे कधी

पायऱ्या अडकल्या, दोन-तीन आठवडे पुढं सरकतच नाही, किंवा भीतीपायी नोकरी-शाळा-झोप बिघडतेय, तर जा. इन्शुरन्सच्या साइटवर इन-नेटवर्क (म्हणजे तुमच्या इन्शुरन्सच्या यादीतला) थेरपिस्ट शोधा आणि पहिल्या फोनवरच विचारा की फोबियासाठी एक्स्पोजर करता का. नुसतं "बालपणाबद्दल बोलू या" म्हणणारे असतील तर नम्रपणे दुसरा शोधा, हे माझं मत, पण ठाम आहे. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये एकाच, तीन तासांपर्यंतच्या बैठकीत फोबियावर उपचाराची पद्धत मांडली, ती आता बऱ्याच ठिकाणी वापरतात, म्हणजे वर्षानुवर्षं खर्च होईल असं धरून बसू नका. कुणाच्या तरी ड्रॉवरमधली झोपेची गोळी ३१ तारखेपुरती घेऊ नका, आणि धडधड कमी करणारी गोळी तर दमा असलेल्यांना महागात पडू शकते.

मराठीतनंच बोलायचं असेल तर भाषेचा फिल्टर लावून शोधता येतं. इकडे आलेले आई-बाबा परत गेल्यावर भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. इथं मन फारच खचलं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर ९८८, चोवीस तास.

पुढच्या सप्टेंबरात दुकानं सजली की भीती थोडी वर येतेच, सगळं वाया गेलं असं समजू नका, यादीतल्या मधल्या पायरीवरनं परत सुरू करा, या वेळी लवकर उरकतं. त्यासाठी ती चेटकीण टाकून देऊ नका, फक्त सेल काढून ठेवा, आत राहिले तर गळतात. आणि थेरपिस्टची अपॉइंटमेंट घ्यायची असेल तर जानेवारीतच घ्या, सप्टेंबरमध्ये फोन केलात आणि वेटिंग लिस्ट लागली तर थँक्सगिव्हिंगनंतरची, म्हणजे नोव्हेंबर संपतानाची तारीख मिळेल.